ब्लॅक सॅबथ ऐकायला घेताना : नव्याने येणाऱ्यांसाठी वाट

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या तिथल्याच हेवी मेटल बँडचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. पार्किन्सन्सने त्याला उभं राहण्याचीही मुभा ठेवली नव्हती. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. त्या आठवड्यात मला ओळखीच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : आम्ही हे कधी ऐकलंच नाही, तर कुठून सुरू करू? तेव्हा प्रत्येकाला तुटक काहीतरी सांगितलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

हेवी मेटल म्हटलं की लोक कानठळ्यांची आणि वेगाची तयारी करून बसतात. मग सॅबथचं पहिलं गाणं इतक्या सावकाश चालत येतं की गोंधळ उडतो. बरेच जण तिथेच सोडून देतात. या बँडचं सगळं मर्म वजनात आहे. भरलेली बैलगाडी चढावर कशी येते तसं हे संगीत येतं, आणि ते वजन अंगावर घ्यायला थोडं थांबावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या थांबण्यासाठीच आहेत. एका दिवसात उरकू नका. महिना लागला तरी चालेल.

बसण्याआधी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. गीझर बटलरचा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, त्यातून येतच नाही, आणि बेस गेला की सॅबथचं अर्धं अंग लुळं पडतं. साधे वायरवाले इयरफोन पुरतात. घरात जुने मोठे स्पीकर धूळ खात पडले असतील तर ते पुसून घ्या. अ‍ॅपमध्ये बेस वाढवण्याची सोय असते ती बंद ठेवा, कारण वजन आधीच आहे, वरून ओतलं तर नुसता चिखल होतो. गाणी उलटसुलट लावणारं शफलही बंद. 'टॉप गाणी' अशी यादी समोर येईल, तिच्याकडे आत्ता जाऊ नका. हे अल्बम एलपीच्या दोन बाजूंसाठी बांधलेले आहेत आणि एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. एका बैठकीला तेवढं पुरे.

पायरी १ : पहिलं गाणं, दिवे मालवून

पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. अल्बमचं नाव ब्लॅक सॅबथ, पहिल्या गाण्याचं नावही तेच. रात्री लावा. आधी पाऊस पडतो, ढग गडगडतात, दूरवर चर्चची घंटा वाजते. आणि मग टोनी आयोमीच्या गिटारचे तीन स्वर येतात.

घरात पेटी असेल तर आता काढा. पांढरी पाच दाबा. मग तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच. मग त्या दोघींच्या मधली काळी एक. पांढरी पाच हा षड्ज धरला तर हे झाले सा, तार सा आणि तीव्र मध्यम. एवढंच. तो तिसरा स्वर जरा थरथरवत ठेवा, गिटारवर आयोमी तसंच करतो.

माझी आत्या पन्नास वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत आली आहे. तिला मी हे गाणं ऐकवलं. पहिली ओळ झाली आणि ती म्हणाली, "अरे, यानं मध्यम असा उघडा का टाकलाय? यमनात त्याला शेजारी गंधार असतो, पंचम असतो. इथे बिचाऱ्याला टेकायला कुणीच नाही." मेटलवर मी बरंच वाचलंय, पण या गाण्याबद्दल इतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. सा आणि तीव्र मध्यम यांच्यामधलं अंतर पाश्चात्त्य संगीतात ट्रायटोन म्हणून ओळखलं जातं. सप्तकाचे बरोबर दोन तुकडे करणारं हे अंतर कानाला अस्वस्थ करतं, म्हणून जुन्या काळी त्याला 'संगीतातला सैतान' असं लॅटिन नाव पडलं. आपल्या कानाला हा स्वर परका नाही, रोज संध्याकाळच्या रागांमधून तो भेटतो. फक्त तो असा एकटा, नागवा उभा केलेला आपण ऐकलेला नसतो. त्यामुळे मराठी श्रोत्याला हे गाणं दोनदा कळतं असं मला वाटतं : एकदा ओळखीमुळे आणि एकदा त्या ओळखीच्या स्वराला इतकं पोरकं पाहून.

हा स्वर आयोमीला सुचला त्यामागे होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंद-रचनेतला मंगळाचा भाग आहे. गीझर तो बेसवर वाजवून बघत असे. आणि नावामागे एक सिनेमा आहे. तेव्हा बँडचं नाव 'अर्थ' (इंग्रजी Earth, म्हणजे पृथ्वी) होतं आणि त्याच नावाचा दुसरा एक बँड निघाल्याने पंचाईत झाली होती. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लोफचा 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागला होता. लोक पैसे मोजून घाबरायला रांग लावतात, मग संगीताने का घाबरवू नये, असा विचार चौघांनी केला.

गाणं सहा मिनिटांच्या वर आहे. शेवटाकडे लय एकदम चढते. विलंबितातून द्रुतात जाण्याची आपल्याला सवय आहे, त्यामुळे ती उडी तुम्हाला लगेच पकडता येईल.

मग उरलेला अल्बम ऐका. हा अख्खा अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ या एका दिवसात लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता होता रॉजर बेन. रोज कार्यक्रमात वाजवत होते तसंच चौघे वाजवून मोकळे झाले. एक सूचना : ब्रिटिश आवृत्तीत 'ईव्हिल वुमन' हे दुसऱ्या बँडचं गाणं आहे, अमेरिकन आवृत्तीत त्याजागी 'विकेड वर्ल्ड' आहे. तुमच्या अ‍ॅपवर यातलं एकच दिसलं तर गोंधळू नका. दुसरं शोधून ऐका, कारण 'विकेड वर्ल्ड' जास्त चांगलं आहे.

पायरी २ : बोटांची गोष्ट

पुढे जाण्याआधी ही गोष्ट माहीत हवी. नुसता किस्सा म्हणून ती सांगत नाही. हा आवाज असा का आहे, याचं उत्तर तिच्यात आहे.

आयोमी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. वय सतरा. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं आणि कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच.

मी भोसरीत वाढलो. आमच्या चाळीत दोन काका असे होते ज्यांची बोटं पॉवर प्रेसने नेली होती. एक जण चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचे. त्यामुळे आयोमीची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला इंग्लंड आठवलंच नाही. मला आमच्या गल्लीतला सायरन आठवला, आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर सायकलींची रांग.

डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्याचा मॅनेजर त्याला भेटायला आला आणि जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन आला. जँगो हा बेल्जियममध्ये जन्मलेला जिप्सी गिटारवादक. आगीत त्याची दोन बोटं निकामी झाली होती आणि तरीही जगाने कान टवकारावेत असं तो वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या टोकांवर बसतील अशा टोप्या केल्या, पॉलिश पेपरने घासल्या, वर जुन्या जाकिटाच्या चामड्याचे तुकडे चिकटवले. तारा जाड असल्या तर त्या टोप्यांनी दबायच्या नाहीत, म्हणून बाजारात मिळत नव्हत्या तितक्या बारीक तारा त्याने बँजोच्या तारांमधून जमवल्या. पूर्ण पसरलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, धरणं अवघड, म्हणून दोन-दोन स्वरांचे ठोस कॉर्ड. टोप्यांना स्पर्श कळत नाही, म्हणून तार किती दाबली हे बोटाऐवजी कानाने ओळखायचं.

आता पहिल्या गाण्यावर परत जा आणि ते तीन स्वर पुन्हा ऐका. प्रत्येक स्वर जपून, मोजून ठेवलेला आहे.

पायरी ३ : 'पॅरानॉइड' तीन वेळा

दुसरा अल्बम 'पॅरानॉइड', त्याच वर्षी सप्टेंबरात आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. इथे जास्तीत जास्त वेळ घालवा. हेवी मेटलचं व्याकरण जवळजवळ पूर्ण या एका अल्बममध्ये आहे. मी नवख्यांना तो तीन वेळा ऐकायला सांगतो, आणि दर वेळी एकाच माणसाच्या मागे जायला सांगतो.

पहिल्या वेळी गिटार. 'आयर्न मॅन'चा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तो छोटा तुकडा, तुम्ही कुठेतरी ऐकलेला असणार. त्यात एक गंमत बघा : ऑझी रिफच्याच स्वरांवरून गातो. आपल्याकडे पेटी गायकामागे सावलीसारखी जाते, इथे गायक वाद्याची सावली झालाय. म्हणूनच ते गाणं एखादं जड यंत्र चालू झाल्यासारखं वाटतं. आणि हे सुपरहिरोचं गाणं नाही. भविष्यात जाऊन जगाचा अंत पाहून आलेला, परतताना पोलादाचा झालेला माणूस, ज्याला ओळखायला कुणीच तयार नाही, आणि मग तो सूड घेतो, अशी ती कथा आहे.

दुसऱ्या वेळी बेस. गीझर बटलर आधी गिटारवादक होता, बँडसाठी बेसकडे वळला. तो बेस गिटारसारखाच खेचतो, वाकवतो. 'हँड ऑफ डूम'ची सुरुवात एकट्या बेसवर आहे. आवाज दबका, मग एकदम सगळे कोसळतात, मग पुन्हा दबका. जड संगीतात शांततेचा उपयोग कसा करायचा, हे तिथे कळतं. पहिल्या अल्बममधल्या 'एन. आय. बी.'च्या आधी त्याने बेसवर 'वा' पेडल (स्वर 'वा-वा' असा वळवणारं पायाने दाबायचं उपकरण) लावून एकट्याने वाजवलेला तुकडाही याच बैठकीत ऐकून घ्या.

तिसऱ्या वेळी ड्रम्स, आणि इथे कृपा करून घाई करू नका. बिल वॉर्डला लोक विसरतात. त्याचे गुरू म्हणाल तर जीन क्रुपा आणि बडी रिच, म्हणजे जॅझचे ड्रमर. त्यामुळे तो ठोकत नाही, तो झुलतो. 'वॉर पिग्ज' लावा. सुरुवातीचा संथ, डोलणारा भाग आणि सायरन संपला की नुसता हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, उरतो. गिटार दोन फटके मारून गप्प होते आणि त्या मोकळ्या जागेत ऑझी गातो. मागे हाय-हॅट टिकटिकत राहतो. ती मोकळी जागा मोजा. पुढे पन्नास वर्षं हजारो बँडनी रिफ उचलले, जोर उचलला, वेग कितीतरी वाढवला. ही मोकळी जागा फार थोड्यांना जमली. माझ्या मते सॅबथ आणि त्यांची नक्कल करणारे यांच्यातला सगळ्यात मोठा फरक बिल वॉर्ड आहे.

'पॅरानॉइड' हे गाणं मात्र तीन मिनिटांचंही नाही. अल्बममध्ये थोडी जागा उरली होती म्हणून ते स्टुडिओतच झटपट रचलं, आणि तेच ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. आधी अल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' असणार होतं. ते बदललं, पण मुखपृष्ठ तसंच राहिलं, म्हणून त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसतो आणि नावाशी त्याचा काही मेळ लागत नाही.

'प्लॅनेट कॅरव्हॅन' मुद्दाम शेवटी ठेवा. मंद, पाण्याखालून आल्यासारखं गाणं. ऑझीचा आवाज लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे ऑर्गनसाठीच्या फिरत्या स्पीकरमधून काढलाय. मेटल आवडत नाही म्हणणाऱ्या घरच्या माणसाला हे आधी ऐकवा.

पायरी ४ : शब्द वाचा

बहुतेक गाण्यांचे शब्द गीझरचे आहेत. आयरिश कॅथलिक घरातला, शाकाहारी, वाचणारा मुलगा. त्याच्या शब्दांवर सैतानपूजेचा आरोप सर्रास झाला, आणि अजूनही घरात कुणी मोठं माणूस मुखपृष्ठ पाहून विचारेल, "हे काय लावलंस?" तेव्हा उत्तर हाताशी हवं.

'वॉर पिग्ज' युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित बसणाऱ्यांवर आहे. काळ व्हिएतनामचा. 'हँड ऑफ डूम' तिथून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतणाऱ्या सैनिकांवर आहे. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धाचं. तिसऱ्या अल्बममधलं 'आफ्टर फॉरएव्हर' तर सरळ सरळ ईश्वरावर श्रद्धा ठेवा म्हणणारं गाणं आहे. चौघांच्या गळ्यात दिसणारे क्रूस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचे करून दिले होते. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावरचा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता छापला.

'ब्लॅक सॅबथ' या गाण्यामागे गीझरचा एक अनुभव आहे. तेव्हा तो गूढविद्येची पुस्तकं वाचत होता. एका रात्री जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी. त्या गाण्यातला माणूस त्या आकृतीकडे पाहून मदतीसाठी देवाला हाक मारतोय. म्हणजे तो घाबरलेल्याच्या बाजूने आहे. सॅबथ ऐकताना हे सूत्र धरून ठेवा. सैतान त्यांच्या गाण्यांत येतो तो भीती म्हणून, आणि बहुतेक वेळा त्याला हुकूम सोडणाऱ्या माणसांचा चेहरा असतो.

त्या काळच्या समीक्षकांनी हे ऐकलं नाही. रोलिंग स्टोन मासिकात लेस्टर बँग्झने पहिल्या अल्बमची पार धूळधाण केली होती. ऐकणारी पोरं मात्र ऐकत राहिली.

पायरी ५ : सूर खाली उतरतो

'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', १९७१. आयोमीने गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमी पांढरी तीनला लागते, ती आता काळी एकवर आली. कारण पुन्हा तीच बोटं : तार सैल झाली की दाबायला सोपी जाते. गीझरनेही बेस तसाच उतरवला. आणि त्या दोघांनी मिळून जो आवाज काढला तो त्याआधी कुणी काढला नव्हता. तार सैल, म्हणून स्वर जरा पसरतो, जमिनीशी सरपटतो. आज जगात कुठल्याही मेटल बँडचा गिटारवादक सूर उतरवून वाजवताना दिसला की त्याच्या मुळाशी ही सोय आहे.

'स्वीट लीफ' खोकल्याने सुरू होतं. तो खोकला आयोमीचा, गांजाच्या झुरक्यानंतरचा, आणि गाणंही त्याच पानावर आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे नशेने या चौघांचं अतोनात नुकसान केलं, त्याचा हिशोब त्यांच्या पुढच्या अल्बममध्ये दिसतो. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'ची घोडदौड ऐका. मग 'सॉलिट्यूड' ऐका, त्यात आयोमी बासरी वाजवतो. आणि 'इन्टू द व्हॉइड'वर थांबा. जड रिफ म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे लावतो आणि काही बोलत नाही.

१९६८ च्या डिसेंबरात काही दिवस आयोमी जेथ्रो टल या बँडमध्ये गेला होता. परत आला तो एक शिस्त घेऊन : सकाळी नऊला तालीम. त्या तालमीशिवाय एका दिवसात अल्बम झाला नसता.

पायरी ६ : पुढचे तीन, आणि काय मागे ठेवायचं

'व्हॉल्यूम ४' (१९७२), 'सॅबथ ब्लडी सॅबथ' (१९७३) आणि 'सॅबोटाज' (१९७५) याच क्रमाने घ्या. पहिला लॉस एंजेलिसमध्ये झाला, कोकेनच्या धुंदीत. 'सुपरनॉट' आणि 'स्नोब्लाइंड' चुकवू नका. 'चेंजेस' हे पियानोवरचं दुःखी गाणं बऱ्याच चाहत्यांना आवडत नाही, मला फार आवडतं. दुसऱ्याच्या वेळी आयोमीला काही सुचेना, तेव्हा ते क्लिअरवेल नावाच्या जुन्या गढीत जाऊन राहिले आणि तळघरात वाजवताना शीर्षकगीताचा रिफ सापडला. तिसरा माजी व्यवस्थापनाशी कोर्टकज्जे चालू असताना झाला आणि तो राग आवाजात आहे. त्यातलं 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' खास लक्ष देऊन ऐका, पुढे त्याचा धागा लागेल.

'टेक्निकल एक्स्टसी' आणि 'नेव्हर से डाय' आत्ता बाजूला ठेवा. बँड थकला होता, ते ऐकू येतं. १९७९ मध्ये ऑझीला काढलं.

पायरी ७ : दुसरा गळा

रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' आला. इथे ऑझी शोधू नका. ऑझीचा आवाज शेजारच्या मुलाचा, घाबरलेला, सरळ. डिओ म्हणजे भरलेला, शास्त्रोक्त वाटावा असा गळा, आणि तो रिफच्या मागे जात नाही, रिफच्या वरून जातो. त्यामुळे आयोमीलाही गिटार वेगळी बांधावी लागली. शीर्षकगीतात बेसवर उभा राहणारा गळा ऐकलात की कळेल. त्यानंतर 'मॉब रूल्स' (१९८१). दोन्ही पूर्ण ऐकण्यासारखे. नंतर गायक बदलत राहिले, टोनी मार्टिनच्या काळातला 'हेडलेस क्रॉस' (१९८९) मनापासून ऐकला तर हाताला लागतो. २०१३ चा '१३' हा ऑझीसह केलेला शेवटचा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. करारावरून मतभेद झाल्याने त्यात बिल वॉर्ड नाही. ड्रम्स ठीक आहेत, पण ती मोकळी जागा नाही.

पायरी ८ : वारसा कुठे कुठे गेला

आता तुमचे कान तयार आहेत. इथून आपापल्या आवडीने फांदी निवडा.

संथपणा आवडला असेल तर डूम मेटलकडे जा. लॉस एंजेलिसच्या सेंट व्हायटस बँडने नावच सॅबथच्या एका गाण्यावरून घेतलं. स्वीडनच्या कँडलमासचा १९८६ चा पहिला अल्बम ऐका. 'स्वीट लीफ'चा पसरट आवाज आवडला असेल तर कॅलिफोर्नियाचे स्लीप आणि कायस, इंग्लंडचे इलेक्ट्रिक विझर्ड, ज्यांच्या नावात सॅबथची दोन गाणी जोडलेली आहेत. आपल्या देशात बंगळुरूचे बेव्हर सी याच घराण्यातले.

'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स'ने अंगावर काटा आला असेल तर थ्रॅशकडे, म्हणजे वेगवान मेटलकडे. ब्राझीलच्या सेपल्चुराने ते गाणं स्वतः वाजवलंय. २००६ मध्ये सॅबथला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्यांचं स्वागत करायला मेटॅलिका उभे होते. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शन किंवा भयानक मौत यांच्या कार्यक्रमात गेलात तर तिथला आवाज खूप वेगवान, खूप वेगळा वाटेल, पण उतरवलेला सूर आणि रिफवर उभं राहणारं गाणं ही दोन्ही तिथेच भेटतील. सिएटलच्या ग्रंजवाल्यांमध्ये साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्स ऐका, त्यांच्यात सॅबथ मला सगळ्यात स्पष्ट दिसतो. खुद्द बर्मिंगहॅमने पुढे जूडस प्रीस्ट, नॅपाम डेथ आणि गॉडफ्लेश दिले.

आणि एक फांदी मेटलबाहेर गेली. अमेरिकन सोल गायक चार्ल्स ब्रॅडलीच्या २०१६ च्या अल्बममध्ये 'चेंजेस' आहे, आणि ते गाताना त्याला आपली गेलेली आई आठवायची. पियानोच्या जागी ऑर्गन आणि ब्रास. ज्यांना मूळ गाणं भाबडं वाटतं त्यांनी हे एकदा ऐकावं.

बर्मिंगहॅमला जाणं झालं तर

ब्रिटनमध्ये राहणारे किंवा मुलांकडे जाणारे वाचक बरेच असतील, म्हणून हेही लिहितो. शहराच्या मध्यात ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरचा एक पूल आहे. २०१९ पासून त्याला ब्लॅक सॅबथ ब्रिज म्हणतात. त्यावर चौघांच्या चेहऱ्यांचा एक बाक आहे. ३० जुलै २०२५ ला ऑझीची अंत्ययात्रा तिथे थांबली, घरच्यांनी फुलं वाहिली, आणि कितीतरी दिवस तो बाक फुलांखाली झाकलेला होता. तिथून अ‍ॅस्टनला जा. व्हिला पार्कच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये चौघेही वाढले, ऑझीचं लॉज रोडवरचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते खासगी घर आहे, बाहेरूनच बघा.

पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची काळ्या कपड्यातली बाई आणि तिच्या मागचं ते भुताटकीचं घर आठवतंय ना? ते घर म्हणजे ऑक्सफर्डशरमधली मेपलडरमची पाणचक्की. दिवसा उजेडी पाहिली तर थेम्सच्या काठावरची लाल कौलांची साधी, देखणी इमारत आहे. चाक अजून पाण्यावर फिरतं आणि आत गहू दळला जातो.